कुठल्याही आवाजाचा बोल करणारं वाद्य

इंदूरच्या सराफ्यात रात्री साडेआठ-नऊच्या सुमाराला थोडा वेळ दोन बाजार एकदम ऐकू येतात. आतल्या गल्लीत एखादा कारागीर अजून ऐरणीवर हातोडी चालवत असतो आणि बाहेर, बंद होत आलेल्या दुकानांच्या ओट्यांपुढे कढया चढत असतात. शटर खाली येतात, भट्ट्या पेटतात. गेली काही वर्षं मी अधूनमधून त्या अर्ध्या तासात छोटा रेकॉर्डर घेऊन तिथे जातो. हातोडीचा ‘टिंग’, कढईच्या काठावर झारा आपटल्याचा ‘टण्ण’, शटर जमिनीला टेकल्याचा ‘धम्म’. घरी येऊन हे आवाज एका यंत्रात घालतो आणि त्यांचा ठेका बांधतो. त्या यंत्राचं नाव सॅम्पलर.

घरी आलेल्या कुणाला तो खोका दाखवला की आधी तो हातात घेऊन उलटापालटा केला जातो. शाळेतल्या पाटीएवढा आकार, सोळा रबरी पॅड, वर चार-सहा नॉब, छोटासा पडदा. ‘ह्यात गाणी भरलेली असतात का?’ हा पहिला प्रश्न, आणि ‘मग तुम्ही काय करता?’ हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरं नीट, सावकाश द्यावीत म्हणून हे लिहितोय.

पहिल्याचं उत्तर सोपं. हार्मोनियममध्ये सूर आधीच असतात, तबल्यात बोल असतात, सॅम्पलर मात्र मुळात रिकामा असतो. कंपनीने नमुन्यादाखल काही आवाज घालून दिलेले असतात, ते पुसून टाकले तरी बिघडत नाही. तुम्ही त्याला आवाज ऐकवायचा, तो लक्षात ठेवतो, आणि तुम्ही पॅड दाबाल तेव्हा, दाबाल तितक्या वेळा, सांगाल त्या उंचीवर परत म्हणतो.

दुसऱ्या प्रश्नासाठी मला तबल्याकडे जावं लागेल. लहानपणी मी तबला शिकलो. गुरुजींचा नियम होता, जे तोंडाने म्हणता येत नाही ते हाताने वाजवायचं नाही. टाळी देत ठेका म्हणायचा, चुकलं की पुन्हा सुरुवातीपासून. ह्याला पढंत म्हणतात. इंदुरात ह्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागू नये. एकोणिसाव्या शतकात होळकरांच्या दरबारात नाना पानसे पखवाज वाजवत, आणि पखवाजाची एक आख्खी परंपरा आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. पखवाज-तबल्याची थोरवी मला अशी वाटते की चामड्यावर पडलेल्या प्रत्येक आघाताला तिथे नाव आहे. चाटेवर, म्हणजे तबल्याच्या कडेवर, बोट पडलं की ‘ना’, डग्ग्यावर खुला आघात ‘घे’, दोन्ही मिळून ‘धा’. नाव मिळालं की आवाज लक्षात राहतो, दुसऱ्याला सांगता येतो, कागदावर लिहिता येतो, उलटसुलट जुळवून बघता येतो. तोवर तो नुसता आवाज असतो, नाव मिळालं की बोल होतो.

सॅम्पलर कुठल्याही आवाजाचा बोल करतो. हे वाद्य समजायला माझ्या मते एवढी एक गोष्ट पुरते, बाकीचं सगळं हिच्यातूनच उलगडत जातं.

आता यंत्राच्या पोटात काय चालतं ते बघू. छावणीच्या धान्यमंडीत पोत्यात टोकदार नळी खुपसून मूठभर गहू काढतात आणि तेवढ्यावरून पोत्याचा भाव ठरतो. त्या मुठीला आपल्याकडे वानगी म्हणतात. यंत्र आवाजाची अशीच वानगी घेतं, फक्त फार भराभर. मायक्रोफोनचा पडदा हवेच्या दाबाबरोबर मागेपुढे हलतो, त्या हालचालीची वीज होते, आणि यंत्र ती वीज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून आकडे लिहून ठेवतं. हा आकडा सीडीपासून रूढ झाला. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, आणि एखादं कंपन पकडायचं तर ते निदान दुपटीने तरी मोजावं लागतं, असं त्यामागचं गणित आहे. प्रत्येक माप किती बारीक घ्यायचं हे बिटांवर ठरतं. ८ बिटांत २५६ पायऱ्या मिळतात, १२ बिटांत ४,०९६ आणि १६ बिटांत ६५,५३६. पायऱ्या कमी असल्या की आवाज खरखरीत होतो, आणि कधी कधी तो खरखरीतपणाच हवाहवासा वाटतो. त्याकडे पुढे येतो.

खरं म्हणजे प्रत्येक मापाला सॅम्पल म्हणायचं. पण बोलताना लोक ध्वनिमुद्रित केलेल्या पूर्ण तुकड्यालाच सॅम्पल म्हणतात. मीही तसंच म्हणेन.

ध्वनिमुद्रण करताना दोनच पथ्यं पाळतो. पातळी इतकी ठेवायची की सगळ्यात मोठा ठोकासुद्धा लाल दिव्यापर्यंत पोचणार नाही, कारण आकडा वरच्या मर्यादेला धडकला की लाटेचा माथा छाटला जातो आणि तो पुन्हा जोडता येत नाही. आणि आवाजाच्या जवळ जायचं. सराफ्यात दहा फुटांवरून घेतलेल्या ‘टिंग’मध्ये गर्दी जास्त आणि हातोडी कमी असते. त्यासाठी आधी कारागिराला विचारावं लागतं. विचारलं तर बहुतेक लोक आनंदाने दोन ठोके जास्तीचे मारून देतात.

नंतर येतं ते कापणं. माझा निम्म्याहून जास्त वेळ ह्यातच जातो, आणि नवीन माणसाचाही जावा असं मला मनापासून वाटतं. समजा लय मिनिटाला १२० मात्रांची आहे. म्हणजे एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, आणि तिचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा. आता ‘टिंग’च्या आधी २० मिलिसेकंदांची शांतता कापायची राहून गेली, तर तो बोल प्रत्येक वेळी पाव मात्रेच्या जवळजवळ सहाव्या हिश्शाने उशिरा पडेल. ऐकणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण ठेका ढिला आहे हे त्याच्या पायाला कळेल. म्हणून सुरुवातीचा बिंदू लाटेच्या अगदी मुळाशी आणायचा. पण ओलांडायचा नाही. आवाजाची ओळख त्याच्या पहिल्या काही मिलिसेकंदांत असते. ‘टण्ण’मधला ‘ट’ हे व्यंजन आहे आणि ‘ण्ण’ ही त्याची आस, म्हणजे मागून रेंगाळणारा सूर. व्यंजन कापलं गेलं तर कढई आहे की देवळातली घंटा हे सांगता येत नाही.

हीच व्यंजन-स्वराची गोष्ट यंत्रात ‘एन्व्हलप’ नावाने येते. आवाज किती झटकन उठावा, मग किती खाली यावा, कुठे टिकावा आणि बोट उचलल्यावर कसा विरावा, हे चार नॉबनी ठरतं. उठायचा वेळ, म्हणजे ‘अटॅक’, थोडा वाढवला की ‘टण्ण’चा ‘ट’ मऊ पडत पडत नाहीसा होतो आणि कढईवर जणू गज फिरवल्यासारखा लांब सूर उरतो. विरण्याचा वेळ आखूड केला की तीच कढई लाकडासारखी ‘टक्’ वाजते. एका सॅम्पलमधून असे चार-पाच बोल निघतात. हजारो आवाजांचे तयार संच विकत घेऊन ठेवणाऱ्यांना मी नेहमी हेच दाखवतो. एक झारा आणि एक दुपार पुरेशी असते.

कापताना आणखी एक त्रास होतो. लाट वर चढलेली असताना मध्येच कापली तर आकडा एकदम शून्यावरून उडी मारतो आणि ती उडी कानाला ‘टक्’ अशी ऐकू येते. लाट शून्य रेषेला छेदते त्या जागी कापायचं, किंवा टोकाला अगदी बारीक उतार द्यायचा, की हा टक् जातो.

पॅड दाबल्यावर काय व्हावं हेही सांगून ठेवावं लागतं. एकदा दाबलं की पूर्ण वाजावं, बोट आहे तोवरच वाजावं, की फिरत राहावं? ठोक्यांना पहिला प्रकार, लांब सुरांना दुसरा, तंबोऱ्यासारख्या गोष्टींना तिसरा. ह्यालाच जोडून एक सोय आहे, जी तबला येणाऱ्याला लगेच पटते. डग्ग्यावर ‘घे’ घुमत असताना पंजा टेकवून ‘क’ मारला की घुमारा तिथेच थांबतो. सॅम्पलरमध्ये मात्र ‘घे’ आणि ‘क’ वेगळ्या पॅडवर असले तर ‘क’ वाजल्यावरही ‘घे’ घुमत राहतो आणि सगळा गलका होतो. त्या दोन पॅडना एकाच ‘म्यूट ग्रुप’मध्ये टाकलं की एक वाजताच दुसरा गप्प होतो. एवढं केलं तरी ठेक्यात श्वास येतो.

आता सूर. ध्वनिमुद्रण दुप्पट वेगाने वाजवलं की सूर बरोबर एक सप्तक वर जातो आणि लांबी निम्मी होते. निम्म्या वेगाने वाजवलं की एक सप्तक खाली, लांबी दुप्पट. शटरचा ‘धम्म’ दोन सप्तकं उतरवला की पावसाळ्यात महूच्या बाजूला गडगडतं तसं काहीतरी ऐकू येतं. मधल्या प्रत्येक स्वरासाठी वेग सुमारे १.०५९५ पटीने वाढतो, असं बारा वेळा केलं की तो दुप्पट होतो. वेग न बदलता फक्त सूर किंवा सूर न बदलता फक्त लांबी बदलायचं तंत्रही हल्लीच्या यंत्रांत असतं, पण ते आवाजाचे बारीक तुकडे करून पुन्हा शिवतं, आणि फार ताणलं की शिवण दिसते.

इथे आपल्या कानाला एक गोष्ट टोचते. यंत्राचे बारा स्वर हार्मोनियमसारखे समान अंतरावर असतात. दोन शेजारच्या स्वरांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर प्रत्येक भागाला ‘सेंट’ म्हणतात. षड्जापासून यंत्राचा शुद्ध गंधार ४०० सेंटवर बसतो. पण चांगल्या लागलेल्या तंबोऱ्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो षड्जाशी ५:४ ह्या प्रमाणात असतो, म्हणजे ३८६ सेंटवर. चौदा सेंटचा फरक. पंचमात तो फक्त दोन सेंटचा, म्हणून पंचम खटकत नाही. जवळजवळ प्रत्येक सॅम्पलरमध्ये बारीक सूर लावायचा नॉब असतो. गंधाराच्या पॅडवर तो १४ सेंट खाली केला की मागच्या तंबोऱ्यात तो विरघळतो. ख्यालगायक अमीर खाँसाहेबांच्या गावात राहून एवढी मेहनत टाळू नये असं मला वाटतं.

तंबोऱ्याचा लूप, म्हणजे फिरत राहणारा तुकडा, करताना तो चारही तारांचं आवर्तन पूर्ण झाल्यावरच कापावा. तिसऱ्या तारेवर कापलेला लूप प्रत्येक फेरीत ठेच खातो.

वेग आणि सुराच्या ह्या नात्यातूनच १९८० च्या दशकात एक अफाट युक्ती जन्मली. त्याआधीची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये मेलोट्रॉन नावाचं वाद्य आलं. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली फितीचा तुकडा असे, सुमारे आठ सेकंद वाजे आणि संपे. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पीटर व्होगेल आणि किम रायरी ह्यांनी फेअरलाइट आणलं. त्यात आवाज फितीवर नसून आकड्यांत होता, आणि ८ बिटांत. पुढे १९८७ मध्ये ई-म्यू कंपनीचं एसपी-१२०० आलं. १२ बिट, सेकंदाला सुमारे २६,००० मापं, आणि एकूण साठवण दहा सेकंदांची. सगळे आवाज मिळून दहा सेकंद!

न्यूयॉर्कच्या हिप-हॉप करणाऱ्या तरुण पोरांनी ह्यावर उपाय काढला. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची तबकडी ४५ च्या वेगावर फिरवायची, ती धावती गत यंत्रात घ्यायची, आणि आत गेल्यावर सूर उतरवून मूळ वेगावर आणायची. ४५ भागिले ३३⅓ म्हणजे १.३५. दहा सेकंदांच्या डब्यात साडेतेरा सेकंद बसायला लागले. पण उतरवताना मधल्या रिकाम्या जागा यंत्र आधीचाच आकडा पुन्हा वापरून भरे, आणि त्यातून आवाजाला एक खरबरीत, दाणेदार पोत आला. जागा वाचवायला केलेली खटपट त्या काळच्या संगीताचा रंग होऊन बसली. आज गिगाबाइटांनी जागा असलेल्या यंत्रांतही तो खरबरीतपणा मुद्दाम आणायची बटणं असतात.

त्याच्याच पुढच्या वर्षी, १९८८ मध्ये, अकाई कंपनीचं एमपीसी-६० आलं. ते रॉजर लिन ह्यांनी बांधलं होतं. खऱ्या ढोलांचे आवाज सॅम्पल करून वाजवणारं पहिलं ताल-यंत्र त्यांनीच १९८० मध्ये केलं होतं. एमपीसीने चार बाय चारचे सोळा पॅड रूढ केले, आणि सॅम्पलर हे बोटांनी वाजवायचं वाद्य झालं.

पॅडवर वाजवलेलं किंवा मांडलेलं लक्षात ठेवून पुन्हा वाजवणारा जो भाग असतो त्याला सीक्वेन्सर म्हणतात. त्यात वेळेची घरं पाडलेली असतात, एकेका घराला स्टेप म्हणतात, आणि बहुतेक यंत्रांवर एका ओळीत सोळा स्टेप असतात. सोळा बघितल्यावर आपल्याला तीनतालच आठवतो. मीही सुरुवातीला एका स्टेपवर एक मात्रा धरून ‘धा धिं धिं धा’ मांडला, आणि लय साठवर ठेवूनही ठेका पिसाटासारखा धावला. कारण यंत्राच्या हिशेबी सोळा स्टेप म्हणजे चारच मात्रा, प्रत्येकीचे चार भाग. लय ६० असली तर माझ्या ठेक्यात मिनिटाला २४० मात्रा होत होत्या.

म्हणून तीनतालाला चौसष्ट स्टेप घ्यायच्या. एका मात्रेला चार. मग पडद्यावरची १२० ची लय खरोखर १२० मात्रांची होते, आणि प्रत्येक मात्रेत चौगुनीपर्यंत जागा मिळते. ज्या यंत्रात पॅटर्नची लांबी हवी तितकी ठेवता येते, त्यात झपतालाला ४०, रूपकाला २८, एकतालाला ४८ स्टेप द्यायच्या. विकत घेण्याआधी ही एक गोष्ट जरूर तपासा. नुसत्या सोळाच्या पटीत अडकवणारी यंत्रं आपल्याला फार काळ पुरत नाहीत.

माझ्या सराफ्याच्या ठेक्यात ‘धम्म’ डग्ग्याच्या जागी आहे, ‘टण्ण’ चाटेच्या. पोह्यांवर मूठभर शेव पडतानाचा ‘सर्र’ अधल्यामधल्या स्टेप भरतो. समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, मी हातोडीचा ‘टिंग’ ठेवला, सगळ्यात स्वच्छ आवाज म्हणून. आणि नवव्या मात्रेला, खालीला, म्हणजे तालातल्या रिकाम्या जागेला, ‘धम्म’ काढून टाकला. तबल्यात खालीच्या भागात ‘धा’चा ‘ता’ होतो, म्हणजे डग्गा निघून जातो. जगभर क्लबांत वाजणाऱ्या संगीतात हेच सर्रास चालतं. जाड ठोका काही वेळ काढून घ्यायचा, ऐकणारा हवेत लटकल्यासारखा होतो, आणि ठोका परत आला की सगळी गर्दी एकदम उसळते. फरक इतकाच की आपल्याकडे त्या रिकामेपणाला जागा आणि नाव आहे, आणि तो प्रत्येक आवर्तनात येतो.

तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून समेवर येणारा तुकडा, हीसुद्धा अशीच मांडता येते. ‘ति ट क त धा’, प्रत्येक अक्षराला एक स्टेप, म्हणजे पाच स्टेप. मध्ये एक स्टेप रिकामी. असं तीनदा केलं की पाच-एक-पाच-एक-पाच मिळून सतरा. चौसष्टच्या आवर्तनात ४९ व्या स्टेपवर, म्हणजे तेराव्या मात्रेवर उचललं, की शेवटचा ‘धा’ पासष्टाव्या स्टेपवर पडतो, आणि पासष्टावी म्हणजे पुढची सम. आधी तोंडाने म्हणून बघा, मग स्टेप दाबा. ज्याने तिहाई हा शब्दही ऐकलेला नाही, त्याचीसुद्धा मान त्या ‘धा’वर हलते हे मी अनेकदा पाहिलं आहे.

हाताने वाजवलेला बोल जवळच्या घरात सरकवून नेमका बसवण्याला क्वांटाइझ म्हणतात. त्याने चुका दुरुस्त होतात आणि बरेचदा जीवही जातो. म्हणून स्विंग असतो. प्रत्येक जोडीतली दुसरी स्टेप थोडी उशिरा पाडायची. ५० टक्क्यांवर दोन्ही सारखे, ६६ च्या आसपास आड चालीसारखा झोल येतो, आणि सगळी मजा ह्या दोन आकड्यांच्या मधे आहे. काहीजण क्वांटाइझ पूर्ण बंद ठेवतात. अमेरिकेतल्या जे डिला ह्या संगीतकाराचा त्याबद्दल फार बोलबाला आहे. त्याचं बोट कधी किंचित आधी, कधी किंचित नंतर पडे, आणि तरी सगळं लयीत. २००६ मध्ये तो गेला. त्याचं एमपीसी-३००० आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात आहे, एखाद्या उस्तादाचं वाद्य जपावं तसं.

लोकांसमोर वाजवताना रचना वेगळ्या तऱ्हेने बांधावी लागते. मी प्रत्येक थर वेगळा ठेवतो. तंबोरा, डग्ग्याचा थर, चाटेचा थर, शेवेचा थर, आणि दोन पॅड हाताने वाजवायला मोकळे. सुरुवातीला फक्त तंबोरा आणि उतरवलेलं शटर. मग एकेक थराचं म्यूट काढत जायचं. पॅटर्न बदलायचा हुकूम दिला तरी चांगलं यंत्र चालू आवर्तन पूर्ण करूनच पुढच्यावर जातं, त्यामुळे सम चुकत नाही. नॉबवर फिल्टर असतो, तो फिरवला की आवाजातला वरचा किंवा खालचा भाग हळूहळू झाकला जातो, शेजारच्या घरातली मैफल भिंतीआडून ऐकू यावी तसा. वाजत असलेलं सगळं पुन्हा यंत्रातच ध्वनिमुद्रित करून त्याचाच नवा बोल करता येतो. ह्याला रीसॅम्पलिंग म्हणतात, आणि मैफलीत मला सगळ्यात जास्त आनंद ह्याच्यात मिळतो. पाच मिनिटांपूर्वी वाजलेला ठेका निम्म्या वेगाने, एक सप्तक खाली, आत्ताच्या ठेक्याखालून वाहू लागतो.

एका गणेशोत्सवात आमच्या कॉलनीच्या मंडळात वाजवत होतो. दोन सेकंद लाईट गेली. दिवे परत आले, यंत्रही परत सुरू झालं, पण दुपारभर बसून केलेले बदल गेले होते, कारण ते मी साठवलेच नव्हते. लोक थांबले होते. कालचा ठेका काढून त्यावर हाताने वाजवत राहिलो, आणि तोंडाने म्हणून पाठ केलेलं होतं म्हणूनच हात चालले. तेव्हापासून चढण्याआधी सगळं कार्डावर साठवतो, एक नक्कल दुसऱ्या कार्डावर ठेवतो, आणि चालत असेल तर यंत्र पॉवर बँकेवर चालवतो.

हे सगळं लॅपटॉपवरही करता येतं, आणि काही गोष्टी तिथे जास्त सोप्या होतात. मी वेगळं यंत्र वापरतो ते कानासाठी. मोठ्या पडद्यावर लाट दिसायला लागली की मी डोळ्यांनी कापतो. छोट्या पडद्यावर ऐकूनच कापावं लागतं. शिवाय पॅड तिथेच असतात, आज आणि दहा वर्षांनीही, त्यामुळे हाताला वाट पाठ होते.

कायद्याचंही सांगायला हवं, कारण लताबाईंच्या जन्मगावात पहिला मोह जुन्या गाण्याचा तुकडा उचलायचाच होतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं राहतो. पण चाल आणि शब्दांवरचा हक्क वेगळा असतो. तो संगीतकाराच्या किंवा कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. म्हणजे तबकडी मोकळी झाली तरी चाल मोकळी असेलच असं नाही. घरी शिकण्यासाठी काहीही कापा, लोकांसमोर आणायचं असेल तर परवानगी घ्या. नाहीतर रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत जा, अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्यांच्या, म्हणजे चित्ररथांच्या मागे चाला, सकाळी सहाला पोह्यांच्या गाडीपाशी उभे राहा. हे आवाज तुमचे तुम्हीच घेतलेले असतील आणि दुसऱ्या कुणाकडे नसतील.

सुरुवात फोनवरच करावी असं माझं मत आहे. कोआला नावाचं सॅम्पलरचं अ‍ॅप अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं. त्यात कापणं, सूर बदलणं, सीक्वेन्सर सगळं आहे. महिनाभर रोज एक आवाज घेऊन त्याचे चार बोल करा. तरीही हात शिवशिवत राहिले तर मग यंत्र बघा. रोलँडचं एसपी-४०४ मालिकेतलं यंत्र हाताने वाजवणाऱ्यांचं आवडतं आहे, अकाईची एमपीसी अजूनही निघते, स्वीडनच्या इलेक्ट्रॉनचं डिजिटॅक्ट स्टेपांवर विचार करणाऱ्यांसाठी चांगलं.

माझा सराफ्याचा ठेका पुरा झाल्यावर मी तो घेऊन ज्यांची हातोडी होती त्या कारागिरांकडे गेलो. काम थांबवून त्यांनी हेडफोन कानाला लावले आणि तीन आवर्तनं डोळे मिटून ऐकली. मग समेवरच्या ‘टिंग’कडे बोट करावं तसं हवेत बोट दाखवून म्हणाले, “ये वाली तो खाली चोट है, भिया. माल पलटते टाइम की.” दागिन्यावर हातोडी पडते तेव्हा आवाज जाड आणि आखूड येतो. हा स्वच्छ ‘टिंग’ तुकडा उलटवताना हातोडी नुसत्या ऐरणीवर टेकते तेव्हाचा, हाताला विसावा देणारा. मी त्यांच्याकडून दागिन्यावरचे दोन ठोके नव्याने घेतले. त्या रात्री ते समेवर बसवले, आणि ‘टिंग’ उचलून नवव्या मात्रेवर ठेवला.